मांडीवरचं काम

"शांतता बघा मॅडम, शांतता!" सोसायटीचे सेक्रेटरी हात पसरून म्हणाले. "इथं दुपारी कावळासुद्धा ओरडत नाही."

मी कान देऊन ऐकलं. खरंच काही ऐकू येत नव्हतं. सोलापूर शहर जिथं संपतं आणि ज्वारीची रानं सुरू होतात, तिथं ही नवी इमारत उभी होती. अण्णाच्या इमारतीच्या अगदी समोर. माझ्या भावाने, म्हणजे अण्णाने, तिथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्यासाठी पाहून ठेवला होता आणि मनातल्या मनात घेऊनही टाकला होता. सुवर्णावहिनी गॅलरीत उभं राहून आपल्या स्वयंपाकघराची खिडकी इथून दिसते का ते बघत होत्या. ती स्वच्छ दिसत होती.

"घरून काम करणाऱ्याला अशीच जागा पाहिजे," अण्णा म्हणाला.

"म्हणजे मॅडम दिवसभर घरीच असणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दिवसभर," अण्णाने अभिमानाने सांगितलं.

सेक्रेटरींचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच कळायला हवं होतं. "अहो, मग तर देवच पावला! आमच्याकडे सगळी जोडपी नोकरीवाली. कुरिअर घ्यायला माणूस नाही, सिलिंडर घ्यायला नाही, टँकर आला की मोटर सुरू करायला नाही. आता मॅडम आहेत म्हणजे सगळ्यांच्या किल्ल्या एका ठिकाणी राहतील."

अण्णा हसला. वहिनीही हसल्या. मी विचारलं, "आणि मला पगार कोण देणार?"

सेक्रेटरींना तो विनोद वाटला. ते पोट धरून हसले आणि गच्ची दाखवायला पुढे झाले. मी गच्ची बघितली नाही. जिना उतरून खाली गेले आणि फाटकापाशी उभी राहिले.

"काय झालं?" अण्णा खाली आल्यावर म्हणाला.

"ही जागा नको."

"अगं, एवढी शांत जागा सोलापुरात शोधून सापडणार नाही!"

"शांत आहे, अण्णा. पण इथं मला कुणी शांत बसू देणार नाही."

याची सुरुवात त्याआधीची. मी पुण्यात एका कंपनीत सळ्यांचे नकाशे काढत असे. इमारतीच्या कुठल्या तुळईत किती जाडीची सळई घालायची, ती कुठं वाकवायची, दोन सळ्यांत अंतर किती ठेवायचं, हे सगळं त्या नकाशात असतं आणि कामगार तो बघून सळ्या बांधतात. कंपनीने पुण्याचं ऑफिस बंद केलं आणि ज्याने त्याने आपल्या घरून काम करावं असं ठरवलं. मला घर म्हणजे अण्णाचंच. आईवडील गेल्यापासून अण्णानेच मला वाढवलं होतं, सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं. त्यामुळे तो आनंदाने पुण्याला आला, माझं सामान त्याने स्वतः उचललं, आणि मीही तेवढ्याच आनंदाने आले. तो आनंद फार तर महिनाभर टिकला.

घरात बसून काम करणारी बाई ही लोकांच्या लेखी घरात बसलेली बाई असते. काम हा शब्द आपोआप गळून पडतो. "गिरिजा घरीच आहे" हे वाक्य आमच्या घरातून निघालं, शेजारी गेलं, तिथून जिना उतरून वॉचमनपर्यंत पोचलं. दूधवाला माझ्याकडे, इस्त्रीवाला माझ्याकडे, शाळेची रिक्षा माझ्याकडे. समोरच्या काकूंचे पाहुणे काकू येईपर्यंत माझ्याकडे, आणि पाहुणे म्हटले की चहा आलाच. त्यात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. तेव्हा पाण्याचा दिवस तर पूर्णच माझा.

अशाच एका पाण्याच्या दिवशी मी एका गॅलरीचा नकाशा काढत होते. भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीला सळ्या वरच्या अंगाला घालाव्या लागतात. खालच्या अंगाला घातल्या तर गॅलरी माणसांसकट खाली येते. हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. पण त्या दुपारी मी टाकी, पिंप आणि शेजारच्यांचे हंडे यांच्यामध्ये इतक्या वेळा उठले आणि बसले, की सळ्या खाली दाखवून मोकळी झाले. कंपनीतले माझे वरिष्ठ, देवस्थळी साहेब, यांनी नकाशा बाहेर जायच्या आधी पकडला म्हणून बरं. त्यांचा फोन आला तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"गिरिजा, ही गॅलरी पडली असती," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हे काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

रात्री जेवताना मी अण्णाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं असं कधीकधी. पाणी भरलंस ना पण?"

त्या क्षणी मी ठरवलं की या घरातून जायचं. अण्णा वाईट होता म्हणून नव्हे. तो चांगला होता आणि तरीही त्याला दिसत नव्हतं, म्हणून. मला वेगळी जागा हवी असं म्हटल्यावर त्याने मोठ्या मनाने ते मान्यही केलं आणि समोरचा फ्लॅट शोधला, हाक मारली की ऐकू जाईल असा. मी आणखीही चार-पाच वस्त्या पाहिल्या. कुठं झाडं होती, कुठं वाचनालय होतं, कुठं इंटरनेट पळत होतं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "दिवसा घरी असता का?" आणि हो म्हटलं की तेच हसू. मला शांतता नको होती, बाग नको होती. दिवसभर घरी असणारं माणूस जिथं कुणाच्या सोयीचं नाही, अशी जागा हवी होती. ती कुठल्या जाहिरातीत मिळणार?

मिळाली ती माझ्या लॅपटॉपचा चार्जर जळाला म्हणून. दुरुस्ती करणारा पूर्व भागात, साखर पेठेच्या पलीकडच्या एका गल्लीत बसतो असं कळलं. आमच्या घरात पूर्व भागाचं नाव निघे ते चादरी घ्यायच्या असल्या तरच. तिथं तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी राहतात, पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, एवढंच आम्हाला ठाऊक. मी गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, तासभर लागेल. बसायला त्याच्याकडे जागा नव्हती, म्हणून मी समोरच्या घराच्या पायरीवर टेकले.

गल्ली अरुंद होती. कुठून तरी यंत्रमागाची खडखड येत होती. आणि जवळपास प्रत्येक उंबऱ्यावर एकेक बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूचा पाला, हातात कात्री. पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बोलणं चालूच आणि हातही चालूच. मला लागोपाठ शिंका आल्या.

"येणारच," माझ्या मागच्या उंबऱ्यावरची बाई म्हणाली. पन्नाशीची असेल, कपाळावर मोठं कुंकू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "चार दिवस शिंका येतात, मग नाक शहाणं होतंय."

"थोडं पाणी मिळेल का?" मी विचारलं.

"माठ आत हाय. घे जा."

मी बघतच राहिले. आमच्याकडे दारात आलेल्याने पाणी मागायच्या आधी तांब्या पुढे येतो. बाईने माझा चेहरा ओळखला. "उठले की पाला वाळतंय," ती म्हणाली. "वाळला की वळताना तुटतंय. तू घे की, माठ तर भरलेलाच हाय."

मी आत गेले, पाणी प्यायले, परत येऊन पायरीवर बसले. लॅपटॉपमध्ये थोडी चार्जिंग शिल्लक होती. तो मांडीवर घेतला आणि एका जिन्याचा नकाशा उघडला.

थोड्या वेळाने एक बाई हातात जड पिशवी घेऊन, घाम पुसत आली. मागच्या बाईची नणंद होती, परगावाहून आलेली. आता तरी ही उठेल असं मला वाटलं. नणंदेने चपला काढल्या, तेलुगूत काहीतरी विचारलं, आत जाऊन स्वतः पाणी प्यायली, स्वतः चहा टाकला आणि सगळ्यांना आणून दिला. मलाही दिला. मग भिंतीला टेकून भावजयीशी पोटभर गप्पा मारल्या. पण तिला जागचं हलवलं नाही, आणि त्यात दोघींनाही काही वावगं वाटलं नाही. पुढे मला कळलं की त्या गल्लीचा तसा रिवाजच आहे. सूप मांडीवर असलं की त्या बाईला उठवायचं नाही, मग पाहुणा येवो, सासरा येवो नाहीतर गणपतीची वर्गणी मागणारे येवोत. बोला, हसा, भांडा, पण उठवू नका. संध्याकाळी विड्या कारखान्यात द्यायची वेळ झाली की सूप खाली ठेवायचं. मग सगळी गल्ली एकदम उठते आणि मग विचारू नका काय गोंगाट होतो ते.

त्या दुपारी मला कुणी हाक मारली नाही. तू कोण, कुणाची, इथं का बसलीस, काही नाही. चार्जर दुरुस्त होऊन कधीच आला होता, बाईच्या दारामागच्या बोर्डात लागलाही होता, आणि मी जिना पुरा करून पुढच्या मजल्यावर गेले होते. मान वर केली तेव्हा उन्हं उतरली होती. मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटत होतं.

"तुमच्याकडे भाड्याने खोली आहे का?" मी त्या बाईला विचारलं. तिचं नाव राजमणी गड्डम. गल्ली तिला अक्का म्हणत असे, मीही अक्काच म्हणू लागले.

"मागं एक हाय. रिकामीच पडलीय."

"मला द्याल?"

अक्काने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरात मोठं कोण?"

"भाऊ. मोठा भाऊ आहे."

"त्याला घेऊन ये एकदा. मग बघू."

झालं. माझा सगळा आनंद ओसरला. माझ्या नकाशावर विसंबून लोक इमारती उभ्या करतात आणि मला एक खोली घ्यायला भावाची परवानगी! हीसुद्धा शेवटी तशीच निघाली, असं मनात म्हणत मी घरी आले. पण दुसऱ्या दिवशी पिशवीत लॅपटॉप घालून पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसले. घरी सांगितलं, एका ओळखीच्या ऑफिसात टेबल मिळालंय. अक्का रोज माझ्यासाठी सतरंजी टाकून ठेवी. खोलीचं ती काढत नव्हती आणि अण्णाचं मी काढत नव्हते. माझे नकाशे मात्र असे बिनचूक जायला लागले, की देवस्थळी साहेबांनी न विचारता मला एका मोठ्या दवाखान्याच्या इमारतीचं काम दिलं.

अण्णाच्या बँकेतल्या कुणीतरी मला तिथं पाहिलं आणि चोरी उघडी पडली. महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. मी दवाखान्याच्या पहिल्या स्लॅबचा नकाशा शेवटचा एकदा तपासत होते. चार वाजता तो साइटवर हवा होता, माणसं सळ्या कापायला खोळंबली होती. गल्लीच्या तोंडाशी ओळखीची गाडी थांबली. अण्णा आला. मागे वहिनी, पदर सावरत, तंबाखूच्या वासाने नाकाला रुमाल लावून.

"हे तुझं ऑफिस?" अण्णा म्हणाला.

गल्लीतली सगळी डोकी वर झाली आणि पुन्हा खाली गेली.

"अण्णा, बस ना. एवढं पाठवते आणि बोलते."

"बसायला आलो नाही. उठ. घरी चल."

"चारपर्यंत मला उठता येणार नाही."

आजवर मी अण्णाला असं कधी बोलले नव्हते. त्यालाही ते ऐकून काय करावं कळेना, म्हणून तो अक्काकडे वळला. "अहो बाई, तुमच्या दारात पाहुणे उभे आहेत. जरा उठाल की नाही?"

समोरच्या उंबऱ्यावरून कुणीतरी खुदकन हसलं. अक्काचे हात थांबले नाहीत. "माठ आत हाय. पाणी घ्या. सतरंजीवर बसा निवांत. ती काम करलालीय, दिसंना का?"

"काम!" अण्णाचा आवाज चढला. "इथं? रस्त्यावर बसून? बँकेतली माणसं मला विचारतात, गड्या, बहिणीला घरात जागा नाही का रे? काय सांगू मी त्यांना? विड्या वळणाऱ्यांच्या गल्लीत बसते म्हणून सांगू?"

"सांग की," मी म्हणाले. मान वर न करता म्हणाले, कारण वर केली असती तर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं. मला भीती वाटत होती. अण्णाची नव्हे, आपण आता उठू याची. इतकी वर्षं मी त्याच्या एका हाकेला उठत आले होते. पाय सवयीने आपोआप सरळ व्हायला बघत होते.

वहिनी आत गेल्या, एक तांब्या भरून आणला, अण्णाच्या हातात दिला, आणि अक्काच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. रुमाल त्यांनी केव्हा काढला मला कळलं नाही.

"सुवर्णा, तू काय बसतेस?"

"चार वाजेपर्यंत उभी राहू का?" वहिनी म्हणाल्या.

अण्णाने तांब्या खाली आपटला. पाणी सांडलं. मग तो वाकला आणि त्याने माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून ते खाली दाबलं.

गल्लीतल्या कात्र्या थांबल्या. इतक्या दिवसांत मी त्या कधी एकदम थांबलेल्या ऐकल्या नव्हत्या. उरली फक्त लांबच्या मागाची खडखड. सगळ्या बायका अण्णाकडे बघत होत्या, आणि त्यात राग होता असंही नाही. देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या बघत होत्या.

"हात काढा," अक्का म्हणाली. "आमच्यात मांडीवरच्या कामाला दुसरा हात लावत न्हाई. नवरा पण लावत न्हाई. मारका नवरा असला तरी आधी सूप खाली ठेव म्हणतो."

अण्णाचे कान लाल झाले. तो कुणाला मारणारा माणूस नव्हता. आपलं नाव कुठल्या रांगेत घेतलं गेलं हे त्याला पुरतं कळलं. त्याने हात काढला, दोन पावलं मागे झाला आणि भिंतीशी उभा राहिला.

मी झाकण उघडलं. मी सावकाश पहिल्यापासून पुन्हा तपासलं. घाईने पाठवून टाकावं आणि हे सगळं संपवावं असं किती वाटत होतं म्हणून सांगू! पण त्या स्लॅबखाली उद्या आजारी माणसं झोपणार होती. एका कोपऱ्यात एक सळई आखूड पडली होती. ती नीट केली, पुन्हा मोजलं, आणि नकाशा पाठवला. हळूहळू कात्र्या सुरू झाल्या होत्या. अण्णा उन्हात उभा होता. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटत होतं आणि तरीही मी उठले नाही.

साहेबांचं 'मिळाला' असं उत्तर आलं. मी लॅपटॉप मिटला आणि उभी राहिले.

"बोल आता, अण्णा."

त्याला एवढा वेळ राग धरून ठेवायची सवय नव्हती. तो थकल्यासारखा दिसत होता. "काय कमी आहे तुला घरी? आम्ही तुला काय त्रास देतो सांग. कुणी काम करू नको म्हणतं का?"

"कुणी म्हणत नाही. पण करूही देत नाही."

"किरकोळ कामं असतात गं घरातली. घरीच तर असतेस—"

"मीही घरीच असते," वहिनी एकदम म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो. त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत होत्या. "लग्नाआधी मी शिवण करत होते. चांगलं करत होते, गिऱ्हाइकं थांबून राहायची. मशीन आजही माळ्यावर आहे. गिरिजा आली तेव्हा वाटलं, चला, आपल्यावरचं थोडं तिच्यावर जाईल. म्हणून मी तिला सारखी हाक मारत राहिले." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मारायला नको होती."

वहिनींचा मला केवढा राग होता, आणि माळ्यावरच्या त्या मशीनवर मी स्वतः जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती.

अण्णाला हे सगळं फारच झालं. दोन बायका आणि एक गल्ली, अशी त्याची अवस्था. त्याने शेवटचा आधार पकडला. "ते काही असो. बाई, खोलीसाठी घरातलं मोठं माणूस आण असं तुम्हीच हिला म्हणालात ना? बँकेतल्या त्या माणसाने गल्लीत चौकशी करून तेही सांगितलंय मला. तर मी मोठा भाऊ आहे, आणि माझी परवानगी नाही. विषय संपला."

मी अक्काकडे पाहिलं. हाच तो क्षण होता. तिने नाही म्हटलं असतं तर मला पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळत बसावं लागलं असतं. आणि एखाद्या दिवशी एखादी गॅलरी माझ्या हातून सुटली असती.

अक्काने हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला. मग सूप मांडीवरून उचलून खाली ठेवलं. विड्या कारखान्यात द्यायची वेळ अजून व्हायची होती. शेजारणीने आश्चर्याने तिच्याकडे बघितलं.

"परवानगी कुणी मागितली?" अक्का म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात—"

"घेऊन ये म्हटलं. त्याला विचार म्हटलं न्हाई." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि अण्णासमोर उभी राहिली. त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. "मला बघायचं होतं तिची माणसं आली की ती काय करतीय. माझी श्रीलता हाय ना, धाकटी. शिकलेली पोरगी. तिला पण असंच घरात बसून कॉम्प्युटरवर करायची नोकरी होती. चांगल्या घरी दिली, तुमच्याकडंच, नव्या भागात. तिकडं मोठी खोली, पंखा, टेबल, सगळं. कुणी वाईट न्हाई ओ तिथं. पण सासू आली की उठायची. दीर आला की उठायची. बेल वाजली की उठायची. उठू नको बाई म्हणून मी फोनवर सांगत होते. ती म्हणायची, अम्मा, चांगलं दिसत न्हाई. नोकरी गेली. आता ती दिवसभर उठतीय आणि बसतीय, बास."

गल्लीतल्या बायका मान डोलावत होत्या. ही गोष्ट त्यांना सगळ्यांना ठाऊक असणार.

"ही खोली तिचीच," अक्का म्हणाली. "लग्नाआधी ती तिथंच बसायची. उठणारी दुसरी पोरगी मला त्या खोलीत बघायची नव्हती. ही उठली असती ना आज तुमच्यासाठी, तर सतरंजी पण गुंडाळली असती मी." मग माझ्याकडे वळून तिने ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "उद्या सामान आण. आंघोळीचं पाणी सकाळी लवकर काढून घ्यायचं, एवढं बघ."

मी तिचे हात धरले. त्यांना तंबाखूचा उग्र वास होता आणि मला शिंक आली नाही.

माझ्यावर ओरडावं की या बाईशी भांडावं, हे अण्णाला ठरवता येत नव्हतं. शेवटी चिडलेला माणूस जे बोलतो तेच तो बोलला. "ठीक आहे. राहा इथंच. पण उद्या काही झालं तर माझ्या दारात यायचं नाही. सांगून ठेवतो."

"येणार की," मी म्हणाले. माझा आवाज गल्लीभर गेला आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. "दिवाळीला येणार, भाऊबीजेला येणार. नटूनथटून, पाहुणीसारखी येणार. तू दारात घ्यायला ये. पाटावर बसणार, आयतं वाढलेलं जेवणार, आणि हात धुऊन माझ्या घरी परत येणार."

वहिनींना हसू आवरलं नाही. अण्णा त्यांच्यावर डाफरला, गाडी सुरू केली आणि त्या मागे बसायच्या आतच ती पुढे घेतली. मग थांबला. गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ त्यांची वाट बघत राहिला, कारण वहिनी निवांत चालत गेल्या.

त्या दिवाळीला मी गेले. अण्णा दारात घ्यायला आला होता.